हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचे शिक्षण

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची देखभाल कशी करावी, हे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकविणारा अभ्यासभाग. इंदूरमध्ये १८७८ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तीच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली; १९४८ पासून शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज शहरात बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) व जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका, ३ वर्षे) हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. विषयाची ओळख वर्गात होते. तो कळतो मात्र आयसीयूतल्या खाटेजवळ.

नवख्याची नजर मॉनिटरवर खिळते. त्याला आधी खाली, छातीतून निघालेल्या नळीच्या बाटलीकडे पाहायला शिकवावे लागते. तासाला २०० मिलिलिटरहून अधिक रक्त आले तर सर्जनला कळवायचे, हे कुणीही पाठ करतो. अवघड आहे ते उलटे चित्र ओळखणे. वाहती नळी एकाएकी कोरडी पडते, रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात. अशा वेळी नळी गुठळीने तुंबलेली आणि साचलेले रक्त हृदयालाच दाबत असण्याची शक्यता असते. म्हणून कोणताही आकडा मागच्या तासाच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा. लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरखाली जाऊ लागली, तर तेही लगेच सांगायचे.

पुढचे धडे साधे, पण अंगमेहनतीचे. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावणे, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम घेणे. उठवताना हाताला धरून ओढायचे नाही. कापलेली उरोस्थी (छातीचे मधले हाड) जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बायपाससाठी पायाची शीर काढली असेल तर तिथली जखमही पाहायची. ती हमखास विसरली जाते.

इंदुरात शिकवणे बहुधा इंग्रजी-हिंदीत होते, रामबाग या वस्तीतल्या मराठी आजी मात्र ‘कसंसंच होतंय गं’ एवढेच म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे ऐकले की धीर देण्याआधी नाडी धरावी. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होणे, याच दिवसांत जास्त आढळते. घरी पाठवताना आहाराचे बोलणे होते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्याला वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असते आणि पालेभाज्यांनी त्याचा परिणाम बदलतो; म्हणून मेथी-पालक बंद नको, प्रमाण रोजचे ठेवा, असे सांगायचे. मीठ कमी करा म्हटले की नातेवाईक मान डोलावतात. इंदूरकराला ‘पोह्यांवरची शेवही’ हे वेगळे सांगावे लागते.