85 ची लेन्स चेहरा सुंदर करते म्हणे?

फोटोग्राफीच्या ग्रुपवर बरीच वर्षं फिरतंय की पोर्ट्रेटला 85 एमएमच पाहिजे, कमी एमएमच्या लेन्सनं नाक मोठं येतंय. (एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंथ, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं.)

नाक मोठं दिसतं हे खरंय, पण ते लेन्समुळं नाही, अंतरामुळं. 18 एमएमवर, म्हणजे वाइडवर, चेहऱ्यानं फ्रेम भरायची म्हणजे आपण पार जवळ जातो. समजा नाक कॅमेऱ्यापासून 40 सेंटीमीटरवर आहे आणि कान त्याच्या 10 सेंटीमीटर मागं, म्हणजे 50 वर, तर नाक कानाच्या मानानं सव्वापट मोठं येणार. तेच दोन मीटरवर उभारलं की 200 आणि 210, फरक फक्त 5 टक्के. 85 लावल्यावर मागं सरकावंच लागतं, म्हणून चेहरा बरा दिसतो आणि श्रेय लेन्स घेऊन जाते!

बघायचंय? कोल्हापुरात रंकाळ्यावर जावा, मित्राला कठड्यापाशी उभा करा, मागं शालिनी पॅलेस येऊ दे. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणाऱ्या 18-55 च्या झूम लेन्सनं एकाच जागेवरनं, पाय न हलवता, 18 वर एक आणि 55 वर एक फोटो काढा, पण मित्र मधोमध ठेवा कारण वाइडच्या कडेला चेहरा ताणतोच. आता 18 चा फोटो क्रॉप करून 55 एवढा करा. नाक, कान, मागचा पॅलेस सगळं त्याच मापात येतंय. क्रॉपमध्ये डिटेल कमी होणार आणि मागचा ब्लर वेगळा, तेवढंच.

85 वाईट नाही हां, ब्लर झकास देते. पण घरातल्या छोट्या खोलीत मागं सरकायला जागा कुठाय, क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, त्यात फ्रेम अजून आवळते) तर अजूनच अडचण, तिथं रोजच्याला 35 किंवा 50 च बरी.