भिंतीचं पोट आणि ओव्हरहेड कपाट

स्वयंपाकघरातलं ओव्हरहेड कपाट कोसळलं की घरात पहिला शब्द निघतो, ‘स्क्रू बारीक पडले.’ मग पुढच्या वेळी जाड स्क्रू येतात, नाहीतर दोनाच्या जागी चार. पडलेलं कपाट एकदा उलटं करून पाठीमागून बघावं. स्क्रू बहुधा सरळच असतात; तुटलेले नसतात, वाकलेलेही नसतात. त्यांच्यावर गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीतल्या भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची नळी, रॉल प्लग म्हणतात ती) तशीच चढलेली असते आणि तिच्या दातांत गिलाव्याची राखाडी भुकटी अडकलेली असते. स्क्रूला काहीच झालेलं नाही. भिंतीने गिट्टी सोडली.

ती का सोडली, हे फर्निचर बसवायला शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात समजून घ्यायला हवं. सोलापुरातलं जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नव्या फ्लॅटमध्ये आता कपाटांचे डबे मशिनवर कापून तयार येतात. त्यांचे कोपरे काटकोनात असतात, मिलिमीटरचाही फरक नसतो. भिंत मात्र हाताने गिलावा केलेली असते. या दोघांची गाठ घालून देणं हेच बसवणाऱ्याचं खरं काम, आणि त्यामागे शाळेत शिकलेली तरफ आहे.

एक नेहमीचं माप घेऊ. रुंदी ६०० मिमी, उंची ७२० मिमी, खोली ३०० मिमी, १८ मिमी प्लायचा डबा. दार, फळी, सनमायका धरून रिकामं कपाट साधारण २० किलो भरतं. त्यात पिठाचे स्टीलचे डबे, डाळी, शेंगाचटणीच्या बरण्या असा ३० किलोचा संसार चढला की एकूण ५० किलो. हे वजन कपाटाला खाली ओढतं, हे सगळ्यांना दिसतं. पण वजनाचा मध्य भिंतीला लागून नसतो, तो भिंतीपासून साधारण १५ सेंमी पुढे असतो. त्यामुळे कपाट खाली घसरण्याबरोबर पुढेही कलू पाहतं. कलताना ते ज्या जागी भिंतीला टेकतं तिथे तरफेचा टेकू तयार होतो. ती जागा म्हणजे कपाटाच्या पाठीची खालची कड.

आता गणित सोपं आहे. कलवणारा जोर ५० किलो गुणिले १५ सेंमी, म्हणजे ७५०. त्याला अडवणारे स्क्रू खालच्या कडेपासून ६५ सेंमी उंचीवर. ७५० भागिले ६५, म्हणजे साडेअकरा किलो. वरच्या दोन स्क्रूंनी वाटून घेतलं तर प्रत्येकाला भिंतीतून उपसणारा ओढा जेमतेम सहा किलो. चांगल्या विटेत नीट बसलेली गिट्टी याच्या कितीतरी पट ओढा सहज पेलते. मग कपाट पडतं कसं?

भिंतीला पोट असतं म्हणून. गिलावा मध्ये फुगलेला, खाली आत गेलेला, हे आपल्याकडे घरोघरी आहे. समजा, कपाटाच्या तळापासून ५० सेंमी उंचीवर भिंतीला पोट आहे आणि तळाशी पाठ व भिंत यांच्यात ५ मिमी फट आहे. आता टेकू खालच्या कडेला राहिला नाही, तो त्या पोटावर गेला. स्क्रू ६५ वर आणि टेकू ५० वर, म्हणजे तरफेच्या हाताची लांबी उरली फक्त १५ सेंमी. ७५० भागिले १५, म्हणजे ५० किलो. कपाट तेच, डबे तेच, स्क्रूही तेच. ओढा मात्र चौपटीहून जास्त.

कपाट लगेच पडत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. ते पोटावर डुलत हळूहळू कलतं आणि तळाची कड भिंतीला लागेपर्यंत कलत राहतं. तळ ५ मिमी आत जाईपर्यंत वरचा स्क्रू दीड मिलिमीटर बाहेर आलेला असतो. गिट्टी एकदा अशी सरकली की तिची पकड सैल होते. पुढे दार जोरात लावलं, वरच्या फळीवर हात टेकवून कोणी स्टुलावरून उतरलं, की उरलेली पकडही जाते.

म्हणून तळाशी घातलेलं पॅकिंग हे दिसण्यासाठी नसतं. स्क्रू आवळण्याआधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, भिंत आणि पाठीच्या कडेमध्ये, प्लॅस्टिकच्या किंवा सनमायकाच्या चकत्या सरकवायच्या. सनमायका साधारण १ मिमीचा असतो, त्यामुळे फट किती आहे ते चकत्या मोजूनच कळतं. पुठ्ठा घालू नये. तो स्वयंपाकघराच्या वाफेने मऊ पडतो आणि दाबाखाली बसतो. कडेची उरलेली फट झाकायला वेगळी पट्टी लावून ती भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून घ्यायची.

पोट शोधायला महागडं लेसर लागत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला उभी लावली की ती कुठे डुलते ते कळतं, आणि ओळंबा सोडला की भिंत किती सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) झुकली तेही. आडव्या रेषेला पाण्याची नळी अजूनही खात्रीची: दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं, मध्ये नळी कशीही वळो. अट एकच, नळीत बुडबुडा नको. बुडबुडा अडकला की दोन टोकांत सहज एखाद-दोन सुतांचा फरक पडतो आणि सहा कपाटांच्या रांगेत तो शेवटच्या दारावर उघडा पडतो. लेव्हल पट्टी वापरत असाल तर तिची डावी-उजवी टोकं अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुड्याने जागा बदलली तर पट्टीच खोटी आहे.

याच तरफेने माळ्याचं कपाट बघा, म्हणजे भीती कुठे बाळगायची ते कळेल. खोली ६० सेंमी, उंची फक्त ४५. गाद्या, सोलापुरी चादरी, लग्नातली पितळी भांडी असं सगळं धरून ८० किलो. वजनाचा मध्य ३० सेंमी पुढे, स्क्रू तळापासून ४० सेंमीवर. ८० गुणिले ३० भागिले ४०, म्हणजे ६० किलोचा ओढा, तोही पॅकिंग बिनचूक असताना. ओव्हरहेडच्या पाचपट. खोल आणि बुटकं कपाट केवळ मागच्या भिंतीवर टांगूच नये. त्याला बाजूच्या भिंतींचा, खालच्या उभ्या कपाटाचा किंवा लोखंडी ब्रॅकेटचा आधार हवा. वरचा स्क्रू बीममध्ये जात असेल तर उत्तम.

आता गिट्टीकडे. लंडनच्या जॉन रॉलिंग्जने १९११च्या सुमारास तागाच्या तंतूंची गिट्टी आणली, त्यावरून रॉल प्लग हे नाव आलं. आजची नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्थर फिशरने १९५८ मध्ये काढली. तत्त्व दोन्हींचं एकच: स्क्रू आत शिरतो, गिट्टी फुगते, भोकाच्या भिंतीवर दाबली जाते आणि त्या दाबामुळे जे घर्षण होतं ते तिला धरून ठेवतं. घर्षण दाबावर अवलंबून, आणि दाब तेव्हाच मिळतो जेव्हा भोवतालचं काही ठाम असतं. भोक अर्धा मिमी मोठं झालं, ड्रिलची बिट डुगडुगली, आत भुकटी राहिली, तर दाब जातो. भुकटीचे कण गिट्टी आणि विटेमध्ये गोट्यांसारखे लोळतात. म्हणून भोक पाडलं की फुंकणीने किंवा पंपाने दोन-तीन वेळा साफ करायचं. स्वस्त पुनर्वापराच्या प्लॅस्टिकची गिट्टी सतत दाबाखाली हळूहळू पसरत जाते आणि पकड सोडते. नायलॉन हे फार कमी करतं. दोन-चार रुपये वाचवायची ही जागा नाही.

गिलाव्याला पकड नसते, तो धरायचाच नाही. हिशोब असा: कपाटाच्या आत पाठीला लावलेली आडवी पट्टी १८ मिमी, पाठ ६ मिमी, गिलावा १५ मिमी, मिळून ३९ मिमी. आठ बाय चाळीसची गिट्टी गिलाव्याच्या तोंडाशी बसवली तर तिचा एक तृतीयांशाहून जास्त भाग वाया. त्याऐवजी १० बाय १०० ची फ्रेम गिट्टी तिच्याच स्क्रूसकट पट्टीतून आरपार घातली की विटेत साठ मिमी मिळतात. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल. आणि ती पट्टी विसरू नका. ६ मिमी पाठीतून नुसता स्क्रू मारला तर स्क्रूचं डोकं पाठ फाडून बाहेर येतं.

भिंत कशाची आहे हे बिटवरची भुकटी सांगते. आधी गिलाव्याची राखाडी, मग लाल आली तर भाजकी वीट. राखाडीच राहिली आणि ड्रिल सारख्याच गतीने जात असेल तर बहुधा राखेची वीट. ड्रिल अडून किंचाळायला लागलं तर काँक्रीट. भुकटी पांढरट, हलकी आणि बिट लोण्यात गेल्यासारखी गेली तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवूनच भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठी बनवलेली गिट्टी घालायची, नाहीतर ठोक्यांनी भोकाच्या कडा चुरतात. विटेच्या सांध्यात भोक आलं तर ते सोडून चार-पाच सेंमी बाजूला.

‘जड सामान नैर्ऋत्येला’ म्हणून माळ्याची जागा ठरवायला सांगणारे पुष्कळ भेटतात. दिशेने घर्षण वाढत नाही. नैर्ऋत्येची भिंत एएसीची असेल आणि शेजारची विटेची, तर जड कपाट शेजारच्या भिंतीलाच जाईल. पाकिटावर छापलेला ‘इतके किलो’ हा आकडाही असाच बेताने घ्यावा. तो बहुतेक वेळा चांगल्या काँक्रीटमधला असतो. आपला ओढा गिट्टीच्या ताकदीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापेक्षा जास्त जाऊ नये.

काम चालू करण्याआधी त्या भिंतीची वीज मेन बोर्डावरून बंद आणि ड्रिल दुसऱ्या सर्किटवर. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर भोक नाही, कारण वायर आणि पाइप बहुधा तिथूनच जातात. डिटेक्टर फिरवूनच खूण करा. डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-९५ मास्क. विटा-काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते आणि फडक्याने ती अडत नाही. मग कपाटांच्या तळरेषेवर तात्पुरती लाकडी पट्टी मारून दोघांनी मिळून कपाट तिच्यावर टेकवायचं. एकाने धरायचं, एकाने भोकं पाडायची. शेजारचे दोन डबे क्लॅम्पने आवळून ३० मिमी स्क्रूने जोडायचे. दोन प्लाय मिळून ३६ मिमी होतात, त्यामुळे टोक पलीकडे येत नाही. सगळी रांग जुळली, चकत्या बसल्या, मगच शेवटचं आवळणं, तेही हाताच्या पेचकसाने. इम्पॅक्ट ड्रायव्हरने गिट्टीतच स्क्रू फिरून पकड जाते आणि हाताला कळतही नाही.

राहिला प्रश्न जुन्या पेठांतल्या माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांचा. तिथे भिंत दोन-अडीच फूट जाड, बाहेर दगड आणि आत पांढरी माती. बिटवर मातीच्या रंगाची भुकटी आली आणि स्क्रू नुसताच फिरत राहिला तर लांब गिट्टी शोधत बसू नये. माती दाब धरत नाही, तिथे कोणतीही गिट्टी कामाची नाही. कपाटाचा भार फरशीवर उतरवायचा: दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरपर्यंत १८ मिमीच्या उभ्या फळ्या आणि त्यांच्यामध्ये ओव्हरहेड. भिंतीत फक्त दोन स्क्रू, तेही दगड लागेल तिथे. त्यांनी कपाट कलू न देण्याचं काम केलं की पुरे.