लाइट गेली तरी सोलर चालतं?

‘छतावर सोलर बसवलं की लोडशेडिंगची कटकट संपली’ हा समज घट्ट बसलाय. नेट मीटरिंगच्या (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेण्याच्या) साध्या, ऑन-ग्रिड म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सिस्टिममध्ये हे खरं नाही. भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा महावितरणची लाइट गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) साधारण 2 सेकंदांत बंद पडतो. तो बिघाड नव्हे. तसं झालं नाही, तर तुमच्या पॅनेलची वीज उलटी तारांत जाईल आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. त्याच्या जिवापुढे आपला पंखा बंद राहिला तर चालेल! लाइट परतल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. आधी व्होल्टेज तपासतो.

बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर, बॅटरी आणि मोजक्या उपकरणांची वेगळी वायरिंग लागते. 75 वॉटचे 3 पंखे, 9 वॉटचे 5 एलईडी म्हणजे 270 वॉट. 4 तासांना जवळपास 1.1 युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून 12 व्होल्टची 200 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) घ्या; तिच्यात 2.4 युनिट मावतात, त्यातली निम्मी 1.2. त्यावर गीझर किंवा एसी मात्र जोडू नका.