थायरॉइड आणि पॅराथायरॉइडचं ऑपरेशन : पूर्वतयारी व सर्जनची निवड

थायरॉइड म्हणजे जुन्या कोशांतली अवटू ग्रंथी आणि पॅराथायरॉइड म्हणजे परावटू, पण ओपीडीत हे शब्द कोणी बोलत नाही म्हणून इथे चालू नावंच ठेवलीयत. गाठ, कॅन्सर, ग्रेव्हजचा आजार (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते) किंवा श्वास-गिळणं अडवणारा गलगंड असेल तर थायरॉइड अर्धी किंवा पूर्ण काढतात. पॅराथायरॉइड बहुतेकांना चार असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी, वजन साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम, आणि त्यातली एखादी फुगून रक्तातलं कॅल्शियम वाढवायला लागली की तेवढीच काढायची असते.

या दाण्यांचा शोध कोणाचा यावर अजून वाद आहे. इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्याचं शवविच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेल्या एका छोट्या पिवळसर ग्रंथीची नोंद केली. निबंध 1850 मध्ये वाचला गेला, पण छापल्याचं साल कुठे 1852 तर कुठे 1862 दिसतं, सुटे भाग आधी निघून खंड नंतर बांधल्यामुळे हा घोळ झाला असावा. दुसरीकडे स्वीडनमधल्या उप्साला इथला वैद्यकीय विद्यार्थी इवार सँडस्ट्रॉम, त्याला 1877 च्या सुमारास कुत्र्यात ती ग्रंथी दिसली, मग इतर प्राण्यांत आणि माणसात शोधून त्याने 1880 मध्ये सविस्तर लिहिलं आणि नावही दिलं. ओवेनने बघितली आणि सँडस्ट्रॉमने ओळखली असं म्हणणं जास्त पटतं. पण या ग्रंथी काय करतात हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, कॅल्शियमशी नातं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कळलं, त्यामुळे मधली कित्येक वर्षं सर्जन थायरॉइडबरोबर त्याही नकळत काढून टाकत होते.

सर्जन कोण यावर किती अवलंबून असतं त्याचं जुनं उदाहरण याच काळातलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा सर्जन थिओडोर कोखर याचे पेशंट ऑपरेशननंतर थायरॉइडचं हार्मोन न उरल्याने सुजट, मंद व्हायचे, ज्याची कबुली त्याने स्वतः 1883 मध्ये दिली, तर व्हिएन्नातला सर्जन बिलरोथ याच्या पेशंटना कॅल्शियम घसरून हातापायाला पेटके यायचे. दोघांचं काम जवळून पाहिलेल्या अमेरिकी सर्जन हॅलस्टेडचा तर्क असा, की कोखर सावकाश, रक्त न सांडता पूर्ण थायरॉइड काढायचा पण आजूबाजूचं सांभाळायचा, आणि बिलरोथ झपाट्याने हात चालवताना थायरॉइडचे तुकडे मागे ठेवायचा पण पॅराथायरॉइड दुखवायचा. सगळ्या केसेसना हे लागू पडतंच असं नाही, तरी मोठे सर्जन म्हटले की कुठेही जा सारखंच, हा समज यातून सुटतो. कोखरला 1909 मध्ये नोबेल मिळालं.

आज निवडताना सर्जनला पहिला प्रश्न, तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? 2017 मध्ये आलेल्या अमेरिकी आकडेवारीत वर्षाला 25 पेक्षा जास्त थायरॉइड करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी दिसली. 25 ही काही लक्ष्मणरेषा नाही पण विचारायला बरा आकडा आहे. जनरल सर्जन, ईएनटी की एंडोक्राइन (हार्मोनच्या ग्रंथींचा) सर्जन यापेक्षा हात किती बसलाय ते बघावं, आणि आवाजाची नस दुखावण्याचं व कॅल्शियम कायमचं कमी राहण्याचं त्यांचं स्वतःचं प्रमाण विचारावं, पुस्तकातलं नको. प्रश्नाचा राग येत असेल तर सेकंड ओपिनियन घ्यावं.

तयारीत सोनोग्राफी, गाठीतून सुईने घेतलेला नमुना, टीएसएच (थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि स्वरतंतूंची तपासणी येते, शेवटची नेमकी राहून जाते. एक नस आधीच निकामी असून आवाज ठीक असू शकतो, मग दुसरी दुखावली तर श्वासाचीच पंचाईत. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर सांगा, रिपोर्ट चुकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. ग्रेव्हजमध्ये आधी गोळ्यांनी हार्मोन आटोक्यात आणून शेवटचे साधारण 7 ते 10 दिवस आयोडीनचे थेंब देतात, ही पद्धत अमेरिकी डॉक्टर प्लमरने 1923 च्या आसपास रुळवली, पण जास्तीचं हार्मोन गाठीच बनवत असतील तर तेच आयोडीन उलटतं.

पॅराथायरॉइडचा हिशोब वेगळा. निदान रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) यावर होतं, स्कॅन फक्त ग्रंथी कुठे आहे ते सांगतो, म्हणून स्कॅन कोरा आला म्हणजे आजार नाही असं नसतं. 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मात्र बघावं, कारण एका आनुवंशिक प्रकारात ते कमी असतं आणि तिथे ऑपरेशनचा उपयोग नसतो. ग्रंथी जागा सोडून छातीतही सापडते : कॅप्टन मार्टेल या दर्यावर्दी पेशंटची सहा ऑपरेशनं वाया गेली आणि 1932 मध्ये सातव्या वेळी ती छातीत मिळाली. आता टेबलवरच पीटीएच मोजतात, ग्रंथी निघाल्यावर 10 मिनिटांत ते निम्म्याहून जास्त उतरलं तर टाके घालतात, नाहीतर शोध चालू.