टायरमधला नायट्रोजन: फायदा खरा, पण केवढा?

टायरमध्ये नायट्रोजन भरायचा की साधी हवा, हा प्रश्न गाडी चालवणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतो. भरणारे सांगतात की दाब टिकतो, टायर तापत नाही, जास्त चालतो, इंधन वाचतं, फुटायची भीती राहत नाही. यावर कोणी जाणकार लगेच म्हणतो, हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, मग वेगळा भरायचा कशाला? मला ही दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. जाणकाराचं उत्तर ऐकायला चोख आहे, पण प्रश्न उरलेल्या २१ टक्के ऑक्सिजनचा आहे. तो रबरातून कशी वाट काढतो हे बघितल्याशिवाय निकाल देता येत नाही.

पंक्चर नसलेल्या टायरचाही दाब महिन्यागणिक थोडा उतरतो. काही हवा व्हॉल्व्हमधून आणि रिमच्या कडेने जाते, पण बरीचशी सरळ रबरातूनच बाहेर पडते. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, आणि हे रेणू सतत हलत असतात. वायूचा रेणू आधी या गुंत्यात विरघळतो, मग हलत्या साखळ्यांमधल्या फटींतून पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने निसटतो. भोक नसतानाही हवा जाते ती अशी.

या शर्यतीत पुढे कोण? नायट्रोजनच्या रेणूचं वस्तुमान २८, ऑक्सिजनचं ३२. हलका रेणू जास्त वेगाने धावतो, त्यामुळे अतिसूक्ष्म छिद्रातून नायट्रोजन सुमारे ७ टक्के जलद बाहेर पडतो. हा नियम स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा आधार घेऊन नायट्रोजन उलट लवकर निघून जाईल असं सांगणारेही भेटतात. पण रबराचा पडदा वापरून पाहिला तो खुद्द ग्रॅहम यांनीच, १८६६ साली, आणि तिथे चित्र उलटं निघालं. ऑक्सिजन नायट्रोजनच्या अडीचपट वेगाने पलीकडे गेला, कार्बन डायऑक्साइड तर तेरापटींहून जास्त वेगाने. पडद्यापलीकडे जमलेल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण नेहमीच्या जवळपास दुप्पट झालं होतं. कारण असं की ऑक्सिजनचा रेणू वजनाने जड असला तरी आकाराने किंचित लहान आहे, आणि रबरात तो जास्त विरघळतो. सायकलच्या टायरमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने वायू भरला, तर तो लवकर उतरतो याचंही मूळ इथेच आहे.

१९३७ मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी ब्युटाइल रबर तयार केलं. त्यातून हवा नैसर्गिक रबरापेक्षा किमान दहापट हळू झिरपते. आजच्या ट्यूबलेस टायरच्या आतल्या बाजूला याच कुळातल्या रबराचा पातळ थर असतो. माझ्या मते टायरमधल्या हवेच्या बाबतीत सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिचं श्रेय कोणत्या वायूला नाही, रबराला आहे. मात्र या थरातूनही ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर निसटतो.

किती लवकर, आणि त्याने फरक किती पडतो, हे कागदावर मांडता येतं. गेज ३२ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३२ पौंड, दाखवतो तेव्हा आतला खरा दाब ४६.७ असतो. बाहेरच्या वातावरणाचे १४.७ गेज मोजत नाही. म्हणजे आत वातावरणाच्या सुमारे ३.१८ पट दाब. साधी हवा भरली असेल, तर यातला ऑक्सिजनचा वाटा ०.६७ आणि नायट्रोजनचा २.४८. बाहेर हेच आकडे ०.२१ आणि ०.७८ आहेत. प्रत्येक वायू आपापल्या दाबातल्या फरकामुळे बाहेर ढकलला जातो, शेजारी दुसरा कोणता वायू आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. ऑक्सिजनसाठी हा फरक ०.४६, नायट्रोजनसाठी १.७०. ऑक्सिजन तिप्पट सहज झिरपतो असं धरलं, तर त्याची गळती १.३८ होते, नायट्रोजनची १.७० आणि दोघांची मिळून ३.०८. हवेत जेमतेम एक पंचमांश असलेला ऑक्सिजन गळतीतला ४५ टक्के वाटा उचलतो. ‘हवेत नायट्रोजन असतोच’ हे उत्तर इथे अपुरं पडतं.

आता त्याच टायरमध्ये ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन आहे असं धरू. आतल्या ऑक्सिजनचा दाब ०.१६ आणि बाहेरच्या हवेतला ०.२१, त्यामुळे ऑक्सिजन चक्क उलट्या दिशेने, बाहेरून आत शिरू लागतो. नायट्रोजन आधीपेक्षा थोडा जास्त जातो. बेरीज-वजाबाकी करून निव्वळ गळती २.०९ उरते, साध्या हवेच्या साधारण दोन तृतीयांश.

हे गणित ढोबळ आहे, पण प्रत्यक्षाशी छान जुळतं. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-नियतकालिकाने सप्टेंबर २००६ पासून वर्षभर ३१ प्रकारच्या टायरांवर चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या दोन टायरांपैकी एकात हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, सुरुवातीचा दाब ३० पीएसआय. टायर वर्षभर बाहेर ठेवून दिले होते. वर्षाअखेर हवेच्या टायरांनी सरासरी ३.५ पीएसआय गमावले, नायट्रोजनच्या टायरांनी २.२. म्हणजे नायट्रोजनची गळती हवेच्या सुमारे ६३ टक्के.

तेव्हा दाब जास्त टिकतो हे म्हणणं खरं आहे. पण हा फरक १.३ पीएसआयचा आहे, तोही वर्षभरात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरांचा सरासरी दाब १ पीएसआयने कमी झाला, तर इंधनाची कार्यक्षमता साधारण ०.२ टक्क्याने घटते. त्या हिशेबाने वर्षाच्या शेवटच्या दिवशी फरक पाव टक्क्याचा, आणि तोसुद्धा वर्षभर कोणी टायरला गेज लावलाच नसेल तर. दर महिन्याला दाब बघून हवा भरणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. खिळा घुसला, व्हॉल्व्ह सैल झाला किंवा रिमच्या कडेला गंज धरला, तर आत कोणताही वायू असो, टायर बसणारच.

‘नायट्रोजन तापल्यावर प्रसरण पावत नाही’ हा दावा मात्र साफ चुकीचा आहे. बंद जागेतल्या वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो आणि टायरमधल्या दाबांना हा नियम कोणत्याही कोरड्या वायूला जवळपास सारखाच लागू होतो. ३२ पीएसआयच्या टायरचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं, तर दाब सुमारे १.६ पीएसआयने वाढतो, नायट्रोजन असो वा हवा. टायर तापतो तो रबर वारंवार वाकून सरळ होतं म्हणून. आतला वायू बदलून ते वाकणं कमी होत नाही. नायट्रोजन वजनाने हलका असल्याचं कौतुकही सोडून द्यावं, एका टायरमागे चार-पाच ग्रॅमचा फरक पडतो.

तरीही प्रसरणाच्या दाव्यामागे एक खरी गोष्ट लपलेली आहे. ती म्हणजे पाणी.

कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा टाकीत पाणी साचतं. टाकीचा निचरा वेळेवर केला नाही, तर ते पाणी नळीतून टायरमध्ये येतं. बाष्पाच्या रूपात आलेल्या ओलाव्याने फारसं बिघडत नाही, तोही इतर वायूंसारखाच वागतो. द्रव पाणी आत राहिलं की गोष्ट वेगळी. ३० अंशांना पाण्याच्या संपृक्त वाफेचा, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त मावेल तेवढ्या वाफेचा, दाब ०.६ पीएसआय असतो, ६० अंशांना २.९. म्हणजे टायर ३० वरून ६० अंशांवर गेला, तर कोरड्या वायूचा दाब सुमारे ४.६ पीएसआयने चढेल आणि आत पाणी असेल तर जवळपास ७ पीएसआयने. एवढ्यासाठी पाचेक ग्रॅम पाणी पुरतं. शिवाय ते पाणी रिमला आणि दाबाच्या सेन्सरला गंज आणू शकतं. यंत्रातून किंवा सिलिंडरमधून येणारा नायट्रोजन कोरडा असतो, हा त्याचा खरा गुण. शर्यतीच्या गाड्यांसाठी तो म्हणूनच पसंत केला जातो. तिथे पीएसआयच्या लहानशा अंशानेही वळणावरची पकड बदलते आणि दाब किती चढेल हे आधी ठाऊक असावं लागतं. पण नीट वाळवलेली साधी हवाही हेच काम करते. त्यामुळे हवा भरून घेताना कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढता का, असं अवश्य विचारावं.

विमानांत नायट्रोजन भरतात, हे उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते खरंही आहे. त्यामागचं कारण मात्र गंभीर आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून निघाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं आणि विमानातले सर्व १६७ जण मृत्युमुखी पडले. एका चाकाचा ब्रेक घासत राहून भयंकर तापला होता. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा होती. रबर अति तापलं की त्यातून ज्वलनशील वाफा सुटतात आणि दाबाखालचा ऑक्सिजन मिळाला की टायरच्या आतच स्फोट होऊ शकतो. चाकं पोटात घेतलेली असताना टायर फुटला आणि इंधनाच्या व विजेच्या वाहिन्या तुटून आग लागली. त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकी हवाई प्रशासनाने मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजन सक्तीचा केला. टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. खाणींतल्या अवाढव्य डंपरांच्या टायरमध्येही याच भीतीने नायट्रोजन वापरतात. रस्त्यावरच्या मोटारीचा टायर एवढ्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. तो फुटतो तेव्हा बहुतेक वेळा आधी दाब कमी झालेला असतो, बाजूच्या भिंती जास्त वाकून तापलेल्या असतात किंवा टायर जुना आणि जखमी असतो. फुटण्याचा धोका टळेल म्हणून नायट्रोजन भरणाऱ्याला मी एवढंच सांगेन की तो धोका गेजने टळतो.

राहिला टायरच्या आयुष्याचा मुद्दा. ऑक्सिजन रबराला हळूहळू कडक आणि ठिसूळ करतो. हवेच्या टायरमध्ये ऑक्सिजनचा दाब बाहेरच्यापेक्षा तिप्पट असल्यामुळे तो आतून बाहेर, टायरच्या सगळ्या थरांतून, पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबरातून प्रवास करतो. प्रयोगशाळेत टायर झटपट म्हातारा करायचा असेल, तर त्यात निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रोजन भरून तो आठवडेच्या आठवडे उष्ण भट्टीत ठेवतात. म्हणजे परिणाम खरा आहे. पण नेहमीच्या वापरातल्या मोटारीच्या टायरची नक्षी बहुधा त्याआधीच झिजून जाते. ज्या ट्रकांच्या टायरवर पुन्हा पुन्हा नवी नक्षी चढवतात, त्यांचा सांगाडा अनेक वर्षं टिकावा लागतो. तिथे नायट्रोजनचा विचार करण्यात अर्थ आहे. स्टेपनीसाठीही मी त्याची शिफारस करेन, कारण ती वर्षानुवर्षं डिकीत पडून असते आणि तिचा दाब कोणी बघत नाही.

नायट्रोजन भरायचाच असेल, तर भरण्याची पद्धत नीट बघा. टायर पूर्ण रिकामा केला तरी आत एका वातावरणाइतकी हवा उरतेच. त्यावर ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन ३२ पीएसआयपर्यंत भरला, तर टायरमध्ये ऑक्सिजन १० टक्के राहतो. पुन्हा रिकामा करून भरला, तर साडेसहा-सात टक्क्यांवर येतो. चार पीएसआय उतरलेल्या हवेच्या टायरमध्ये नुसता वरून नायट्रोजन भरला, तर ऑक्सिजन २१ वरून १९.६ टक्के होतो, आणि बदलते ती फक्त व्हॉल्व्हवरची, नायट्रोजनची खूण म्हणून लावलेली टोपी. गंमत म्हणजे साध्या हवेच्या टायरमध्ये वर्षाकाठी उतरलेला दाब साध्याच हवेने भरून काढला, तरी आतला ऑक्सिजन आपोआप १९ टक्क्यांच्या आसपास येतो, कारण निसटून जाणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा असतो.

टायर मुळातच नायट्रोजनने भरून मिळाला तर उत्तम, जादा खर्च करून आणि वाकडी वाट करून भरायला जाण्याइतका त्याचा फायदा मोटारीसाठी नाही, असं माझं मत आहे. मला खरी काळजी वेगळीच वाटते. नायट्रोजन भरला आहे म्हणून बरेच जण महिनोन्‌महिने दाब तपासत नाहीत. टायर बसलेला दिसला तरी ‘साधी हवा मिसळायची नाही’ म्हणून तसाच चालवत नायट्रोजनचं ठिकाण शोधत फिरतात. कमी दाबाचा टायर मैलोन्‌मैल चालवणं यात खरा धोका आहे, वायूंच्या मिश्रणात कसलाच नाही. ९५ टक्के नायट्रोजनच्या टायरमध्ये चार पीएसआय साधी हवा भरली, तर ऑक्सिजन ५ टक्क्यांवरून साडेसहाच्या आत राहतो. तेव्हा गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना दाब मोजा, दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने छापलेल्या आकड्याशी ताडून बघा, आणि कमी असेल तर जवळ जी हवा मिळेल ती भरा.