'क्विअर': शिवी ते ओळख

इंग्रजीत 'क्विअर' म्हणजे मुळात नुसतं तऱ्हेवाईक, विचित्र. समलैंगिक पुरुषांना हिणवायला तो वापरल्याच्या सर्वांत जुन्या लेखी दाखल्यांत १८९४ मधलं एक पत्र येतं. थोरला मुलगा गेल्यावर क्वीन्सबरीच्या मार्क्विसने, म्हणजे एका ब्रिटिश उमरावाने, त्यात पंतप्रधान रोझबरीसारख्यांना 'स्नॉब क्विअर्स' म्हणून झोडपलं होतं.

मार्क्विसचा तिसरा मुलगा आल्फ्रेड हा लेखक ऑस्कर वाइल्डचा जिवलग. १८ फेब्रुवारी १८९५ ला मार्क्विस थेट वाइल्डच्या क्लबात गेला आणि दरवानाकडे एक चिठ्ठी ठेवून आला. तीत 'सॉडोमाइट' (पुरुषांशी संभोग करणाऱ्या पुरुषासाठीची शिवी) हा शब्दही धड लिहिलेला नव्हता, स्पेलिंगमध्ये एक 'म' जादा! वाइल्डने बदनामीचा दावा लावला, तो अंगाशी आला आणि पुरुषांमधले लैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या १८८५ च्या कायद्याखाली त्यालाच दोन वर्षं सक्तमजुरी झाली. शिवीमागे कायदा उभा असला की ती नुसती शिवी राहत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये काही पुरुष स्वतःला बिनदिक्कत 'क्विअर' म्हणवत. पुढे 'गे' रुळला आणि 'क्विअर' उरला तो मारहाणीआधी कानावर येणारा शब्द म्हणून.

तो परत उचलला गेला संतापातून. एड्सने माणसं मरत होती आणि सरकार ढिम्म होतं. १९९० मध्ये न्यूयॉर्कला 'क्विअर नेशन' ही संघटना उभी राहिली, जूनच्या प्राइड मोर्चात 'क्विअर्स रीड धिस' हे पत्रक वाटलं गेलं. जुन्या पिढीतल्या कित्येकांना हे रुचलं नाही, आजही रुचत नाही. ज्यांनी या शब्दासोबत मार खाल्ला त्यांना 'आता तो आपलाच' असं कुणी सांगायचं?

'डाइक' या लेस्बियन बायकांसाठीच्या शिवीचं तर सरकारदरबारीच गाडं अडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डाइक्स ऑन बाइक्स' या मोटरसायकलवाल्या बायकांनी नावाचा ट्रेडमार्क मागितला, तर अमेरिकी कार्यालयाने तो आधी नाकारला. कारण, नाव लेस्बियनांचा अपमान करणारं! भांडून त्यांनी तो मिळवला.

मुंबईत २००८ पासून 'क्विअर आझादी' मोर्चा निघू लागला, तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं. पण 'क्विअर' म्हणून इथे कुणी कुणाला चिडवलेलं नव्हतं. शाळेत, लोकलमध्ये पोरांना ऐकावं लागे ते 'छक्का', 'बायल्या'. त्यामुळे मोर्चाच्या फलकावर 'क्विअर' लिहिणं इथे तुलनेने सोपं गेलं.