‘पिशवीला सूज’ म्हणजे नेमकं काय?

“डॉक्टर म्हन्ते पिशवीले सूज हाय, काढूनच टाका लागते.” घाटंजीकडच्या अडतीस वर्षांच्या एका बाईंचे हे शब्द. पाळीत इतकं रक्त जायचं की कापसाची ओटी कमरेला बांधली की चक्कर यायची. हाती होती फक्त सोनोग्राफीची चिठ्ठी.

खेड्यात ‘सूज’ या एका शब्दात निरनिराळे आजार कोंबले जातात. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. तिच्या कडा रेखीव असतात. ॲडेनोमायोसिसमध्ये सहसा अशी वेगळी गाठच नसते. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी भिंतीत शिरतात आणि भिंत जाड होते. त्रास सारखाच, कॅन्सर दोन्ही नाहीत, पण उपचार वेगळे. गाठ पिशवी राखून काढता येते. जाड झालेल्या भिंतीला धड सीमाच नसते, तिथे आधी औषधं किंवा तांबीसारखं आत बसवायचं, पण हार्मोन सोडणारं साधन वापरून पाहतात.

पहिली तपासणी सोनोग्राफीच, आणि पुष्कळदा तेवढी पुरते. गाठी बऱ्याच असल्या किंवा गाठ की जाड भिंत हे कळेना, की एमआरआय लागतो. यात क्ष-किरण नसतात. 1.5 टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट, शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला एका रांगेत आणतं. रेडिओलहरींनी ती रांग मोडायची, आणि ती पुन्हा लागताना येणाऱ्या संकेतांतून चित्र तयार होतं. त्यात अस्तर पांढरं, त्याला लागून एक काळा पट्टा आणि बाहेरची भिंत राखाडी दिसते. मला हा काळा पट्टा फार बोलका वाटतो. तो 12 मिलिमीटरपेक्षा जाड असेल आणि आत पांढरे ठिपके असतील, तर संशय ॲडेनोमायोसिसचा. फायब्रॉइड मात्र गोल, काळा, वेगळा उठून दिसतो. तो पोकळीत झुकला असेल तर पोटावर टाका न घालता दुर्बिणीने काढता येतो. पिशवी काढायचा निर्णय या माहितीच्या आधी होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

यवतमाळला तपासणीआधी बाईंची जोडवी निघेनात. वीस वर्षांत बोटांत रुतलेली. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण लहरींनी तापू शकते. नर्सबाईंनी साबण लावून हळूहळू सोडवली. मग अर्धा तास ठकठक आवाजात निश्चल पडून राहायचं. तांबी बसवली असेल किंवा अंगात पेसमेकर असेल, तर हे आधीच सांगायचं.

रिपोर्टमध्ये एकही गाठ नव्हती. पट्टा 16 मिलिमीटर. डॉक्टरांनी गोळ्या आणि लोहाची इंजेक्शनं सुरू केली. पुढची तारीख बाईंनी कापसाचा दुसरा वेचा उरकल्यावरची मागून घेतली.